बांधावरची हरळी आणि साहेबाचं ग्रीन

बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली आणि तळोजा एकदम जवळ आल्यासारखं झालं. अकरा स्थानकं, अकरा किलोमीटर. पेंधरला उतरलं की समोर तळोज्याच्या नव्या इमारती, त्यांच्या पलीकडे एमआयडीसी आणि कासाडी नदी. तिथे पोचण्याआधी सेंट्रल पार्क नावाचं स्थानक लागतं. त्या बाजूला, डोंगराच्या पायथ्याशी, खारघरच्या खोऱ्यात सिडकोचा गोल्फ कोर्स आहे. शंभरेक हेक्टरचा.

तुमच्यापैकी फार थोडे जण तिथे खेळायला गेले असतील. पण जूनमध्ये धोधो पाऊस, मे महिन्यात घामाच्या धारा, खाडीवरून येणारा खारा वारा, अशा ठिकाणी बाराही महिने हिरवं राहील, रोज कापलं तरी जगेल आणि चेंडू अडणार नाही इतकं सपाट वाढेल, असं गवत आणायचं कुठून? हा प्रश्न माळ्याचा वाटतो. मात्र त्याचं उत्तर शोधायला लागलं की स्कॉटलंडचा किनारा, मुंबईचं चर्नी रोड, अमेरिकेतलं एक शेती संशोधन केंद्र, आपली बाजरी आणि चिरनेरचा गोळीबार असं बरंच काही वाटेत लागतं. आणि सगळ्यात शेवटी भेटते ती आपल्या बांधावरची हरळी.

मेंढ्यांनी कापलेलं मैदान

गोल्फ स्कॉटलंडमध्ये वाढला तो समुद्रकाठच्या वाळूवर. शेत आणि समुद्र यांच्यामध्ये वाळूच्या टेकड्यांचा जो पट्टा असतो, त्याला तिकडे 'लिंक्स' म्हणतात. तिथे काही पिकत नव्हतं, म्हणून ती जमीन गावाच्या मोकळ्या वापराची राहिली. लोक तिथे मेंढ्या चारायचे, कपडे वाळत घालायचे आणि चेंडूही मारायचे. या खेळाचे सगळ्यात जुने उपलब्ध लेखी नियम १७४४ सालचे, एडिंबरोजवळच्या लीथ गावचे. सेंट अँड्रूजच्या मैदानावर अठरा होलची पद्धत १७६४ मध्ये रूढ झाली आणि पुढे तीच जगभर गेली.

त्या मैदानांवर गवत कुणी लावलं नव्हतं. वाळूत टिकणारं, सुईसारख्या पानाचं फेस्क्यू आणि बारीक पात्याचं बेंट ही दोन गवतं तिथे आपोआप होती. थंड हवा, वर्षभर रिमझिम, पाणी धरून न ठेवणारी वाळू, आणि कापणीला मेंढ्या व ससे. खेळाला जे हवं ते निसर्गाने आयतं दिलं होतं. माणसाला गवत कापायचं यंत्र मिळालं ते १८३० मध्ये. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगने लोकरी कापडाच्या गिरणीतली एक मशीन पाहिली. कापडावरचे उभे राहिलेले तंतू फिरत्या पात्यांनी सारखे करायची ती. हेच गवतावर का करू नये, असं त्याला वाटलं. आज सोसायटीच्या बागेत जे यंत्र घरघरतं, त्याचं मूळ कापड गिरणीत आहे.

म्हणजे गोल्फचं हिरवं मैदान ही एका विशिष्ट हवामानाची देणगी होती. अडचण सुरू झाली ती साहेबाने हा खेळ बोटीत घालून इतरत्र नेला तेव्हा.

मुंबईच्या मैदानावर कुणाचं गवत?

ब्रिटिश बेटांच्या बाहेरचा सगळ्यात जुना गोल्फ क्लब कलकत्त्याचा, १८२९ सालचा. त्यापाठोपाठ १८४२ मध्ये मुंबईत क्लब निघाला. त्या वेळी मुंबईत मोकळी जागा म्हणजे किल्ल्याबाहेरचं एस्प्लनेड, आपण आज ज्याचे तुकडे आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि ओव्हल म्हणून ओळखतो ते.

या मैदानातल्या गवतावर आधीपासून वाद होता. मुंबईकरांची गुरं तिथे चरत असत. सरकारने चराईवर कर बसवला आणि गरीब गवळ्यांची पंचाईत झाली. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८३८ मध्ये ठाकूरद्वाराजवळ, समुद्राच्या बाजूला, जमीन विकत घेऊन ती गुरांना चरायला मोकळी करून दिली. चरणीवरून त्या भागाला चर्नी रोड हे नाव पडलं असं सांगतात. लोकलमध्ये रोज 'अगला स्टेशन चर्नी रोड' ऐकताना हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याच मैदानावर दुसरा वाद पेटला. गोरे साहेब घोड्यावर बसून पोलो खेळत. घोड्यांच्या टापांनी गवत उखडायचं, जमीन खडबडीत व्हायची आणि दुसऱ्या दिवशी तिथे क्रिकेट खेळायला येणाऱ्या पारशी व हिंदू मुलांच्या अंगावर चेंडू वेडावाकडा उसळायचा. त्यांनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी या पारशी खेळाडूने त्या झगड्याचा इतिहास लिहून १८९७ मध्ये पुस्तकही छापलं. हिंदुस्थानातल्या क्रिकेटवरच्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांत एक पुस्तक गवतावरच्या हक्काचं निघावं, ही गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे.

गोल्फवाल्यांची अडचण वेगळी होती. विलायतेहून आणलेलं बी पावसाळा संपल्यावर, थंडीत, उगवायचं. मार्च आला की पिवळं पडायचं आणि मे महिन्यात त्याची माती व्हायची. म्हणून हिंदुस्थानात ठिकठिकाणी एक तोडगा निघाला. होलच्या भोवतीचा जो गुळगुळीत भाग असतो त्याला 'ग्रीन' म्हणतात. तो हिरवा ठेवणं जमेना, तेव्हा तिथे वाळू पसरून, तेल किंवा पाणी मारून, चोपून काढायची आणि त्यालाच खेळायचं. त्याचं नाव पडलं 'ब्राउन'. लष्करी छावण्यांमधल्या कितीतरी कोर्सवर हे ब्राउन स्वातंत्र्यानंतरही बरीच वर्षं चालू राहिले. आखातातही तेच. दुबईत संपूर्ण गवताचा पहिला कोर्स तयार झाला तो १९८८ मध्ये.

मुंबईतले आजचे दोन जुने कोर्स त्यानंतरच्या काळातले. विलिंग्डन क्लब १९१८ चा, हिंदी सभासदांनाही दार उघडं ठेवणारा. चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ चा. मुंबईबाहेर कुठे कोर्स उरले, कुठे फक्त नावं उरली. नाशिकमध्ये हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान असं अधिकृत नाव असलेल्या जागेला अजूनही लोक 'गोल्फ क्लब' म्हणतात. ज्या कान्हेरेंनी नाशिकच्या कलेक्टरला गोळी घातली, त्यांचं नाव आणि साहेबाच्या खेळाचं नाव एकाच मैदानाला चिकटून आहे.

ऊस आणि भात, हरळी आणि बेंट

विलायती गवत इथे का मरतं, याचं नेमकं उत्तर मिळायला १९६६ साल उजाडावं लागलं, आणि ते मिळालं उसाच्या पानातून.

झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन साखर बनवतं, हे शाळेत शिकलो. हे काम करणारं पानातलं जे मुख्य वितंचक आहे, ते गरमीत गडबडतं. कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनच पकडून बसतं आणि झाडाने कमावलेली शक्ती वाया जाते. बेंट, फेस्क्यू, राय, गहू, भात ही सगळी या जातीची. पण हवाईतल्या आणि ऑस्ट्रेलियातल्या उसाच्या संशोधकांना दिसलं की ऊस वेगळाच मार्ग वापरतो. तो कार्बन डायऑक्साइड आधी एका चार कार्बनच्या संयुगात बांधतो, पानाच्या आतल्या खास पेशींमध्ये नेतो आणि तिथे दाटीवाटीने सोडतो. ऑक्सिजनला शिरायला जागाच राहत नाही. हॅच आणि स्लॅक या दोघांनी हा मार्ग १९६६ मध्ये मांडला. त्याला सी-फोर म्हणतात. ऊस, ज्वारी, बाजरी, मका आणि आपली हरळी या मार्गाने चालतात. कमी पाण्यात, जास्त उन्हात त्या जोमाने वाढतात. तुम्ही विचाराल, मग भात कोकणात कसा येतो? भाताने हजारो वर्षांच्या निवडीतून आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून इथल्या उन्हाशी जमवून घेतलं. बेंटला ती सवड मिळाली नाही. शिवाय भाताला कुणी रोज तीन-चार मिलिमीटरवर कापत नाही.

त्यामुळे जगातल्या मैदानी गवतांचे सरळ दोन गट पडतात. थंड हवेची गवतं साधारण १५ ते २४ अंशांत खुशीत असतात. उष्ण हवेची २७ ते ३५ अंशांत. देशाच्या नकाशावर हे लावून पाहा. काश्मीरमध्ये थंड गटाला वाव आहे. दिल्लीत अवघड जागेचं दुखणं आहे. तिथे उन्हाळ्याला हरळीच लागते, पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा उतरला की ती झोपते, तपकिरी होते. म्हणून थंडीपुरती तिच्यावरून राय गवताची पेरणी करायची पद्धत आहे. पुण्यात हिवाळ्यात हरळी मंदावते. मुंबई-पनवेलच्या पट्ट्यात मात्र थंडी अशी पडतच नाही. इथे दिवसाइतकीच रात्रही महत्त्वाची. मे महिन्यात मध्यरात्रीही उकाडा हटत नाही, आणि थंड हवेच्या गवताला दिवसाची झीज भरून काढायला गार रात्र लागते. ती मिळत नाही, वर दमट हवेत बुरशी चढते. म्हणून इथे बेंट लावणं म्हणजे अलिबागच्या वाळूत सफरचंद लावण्यासारखं.

मग पर्याय उरतो हरळीचा. पण साध्या हरळीचाही नाही.

टिफ्टनचे बर्टन

हरळीला शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. सायनोडॉन म्हणजे कुत्र्याचा दात, डॅक्टिलॉन म्हणजे बोट. इंग्रजीत तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, पण बर्म्युडा बेटाशी तिचं मूळचं काही नातं नाही. ती जुन्या जगातली, आफ्रिका आणि आशियाची. आपल्याकडे तिचे कोवळे तुरे दूर्वा होऊन गणपतीच्या डोक्यावर एकवीसच्या जुडीने चढतात. कांड्याकांड्यातून फुटत जाणारी म्हणून वैदिक वाङ्मयातही तिचं कौतुक आहे.

शेतकऱ्याला मात्र हे कौतुक परवडत नाही. काळ्या रानात हरळी शिरली की तिच्या काशा खोलवर जातात. वरून कितीही खुरपा, तुकडा राहिला की पुन्हा फुटते. नांगरटीनंतर उन्हात बसून हरळीच्या काशा वेचणं हे बायकांच्या वाट्याला आलेलं कंबर मोडणारं काम. देवाला वाहायची तीच आणि शिव्या घालायची तीच.

अमेरिकेच्या दक्षिण भागात ती अठराव्या-एकोणिसाव्या शतकात पसरली आणि तिथल्या कापूस पिकवणाऱ्यांनीही तिला असंच वैरी मानलं. जॉर्जिया राज्यातल्या टिफ्टन या गावी एक शेती संशोधन केंद्र होतं. १९३६ मध्ये ग्लेन बर्टन नावाचा तरुण संशोधक तिथे रुजू झाला. त्याला गुरांसाठी चांगला चारा हवा होता. सगळे जिला उपटून टाकत होते तीच हरळी त्याने हाती घेतली, आणि १९४३ मध्ये 'कोस्टल' नावाची चाऱ्याची जात दिली. पुढे अमेरिकेतल्या गोल्फ संघटनेच्या मदतीने तो मैदानी हरळीकडे वळला.

त्याने काय केलं ते सोपं करून सांगतो. साध्या हरळीत ३६ गुणसूत्रं असतात. दक्षिण आफ्रिकेत तिची एक चुलत बहीण आहे, ट्रान्सवालेन्सिस, फार बारीक पात्याची. तिच्यात १८. या दोघींचा संकर झाला की संततीत येतात २७. ही विषम संख्या नीट वाटली जात नाही, म्हणून संकरित गवत वांझ निघतं. त्याला बी धरत नाही. मैदानासाठी हे वरदानच, कारण तुरे कमी आणि पात्यांची दाटी जास्त. १९५६ मध्ये 'टिफग्रीन' आली. तिचं एक आजोळ शार्लट शहरातल्या एका क्लबच्या ग्रीनवर सापडलेली हरळी होती. १९६० मध्ये आली 'टिफवे', वाफ्याचा क्रमांक ४१९. आजही उष्ण देशांतल्या गोल्फ कोर्सवर आणि फुटबॉलच्या मैदानांवर '४१९' हा आकडा नाव म्हणून चालतो. १९६५ मध्ये टिफग्रीनमधूनच निघालेली बुटकी 'टिफड्वार्फ' आली, जी अगदी जमिनीलगत कापता येई.

आता याच १९६५ सालाकडे दुसऱ्या बाजूने पाहू. बर्टन नुसता गवतवाला नव्हता. त्याचं दुसरं पीक होतं बाजरी, अमेरिकेत ती चारा म्हणून पेरत. बाजरीचा संकर मोठ्या प्रमाणावर करायचा तर परागकण न देणारी मादी वाण लागते. बर्टनने ती तयार केली, नाव 'टिफ्ट २३ ए'. तिचं बी त्याने भारतीय संशोधकांना दिलं. लुधियानाला तिच्यापासून देशातली पहिली संकरित बाजरी 'एचबी १' तयार झाली, १९६५ मध्येच. देशातलं बाजरीचं उत्पादन १९६५-६६ मध्ये साधारण ३७ लाख टन होतं. १९७०-७१ मध्ये ते ८० लाख टनांवर गेलं. पाऊसपाणी चांगलं होतं हे खरं, पण संकरित बियाण्याचा वाटा मोठा होता. नगर, नाशिक, धुळ्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडी 'हायब्रीड बाजरी' हा शब्द त्याच लाटेतला.

ज्या माणसाने श्रीमंतांच्या खेळाला गवत दिलं, त्याच माणसाच्या बियाण्याने कोरडवाहू महाराष्ट्राच्या भाकरीला हात दिला. अमेरिकेच्या सरकारने पुढे त्याला विज्ञानातला राष्ट्रीय सन्मान दिला. २००५ मध्ये, पंचाण्णव वर्षांचा होऊन तो गेला.

गोष्ट इथे संपत नाही. त्या पहिल्या सगळ्या संकरित बाजऱ्यांची आई एकच होती, टिफ्ट २३ ए. आई एक म्हणजे कमजोरीही एक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीलाच बाजरीवर केवडा रोगाची साथ आली. कणसात दाण्यांच्या जागी हिरव्या पानांचे झुपके. एकाच घरातलं बियाणं सगळीकडे, त्यामुळे रोगाला दार ठोठावायची गरजच उरली नाही. उत्पादन धाडकन खाली आलं. पुढे वेगवेगळ्या आयांची, रोगाला तोंड देणारी वाणं आणावी लागली. हैदराबादजवळ १९७२ मध्ये सुरू झालेल्या इक्रिसॅट या संस्थेचा त्यात मोठा हात आहे.

ग्रीनवरच्या बुटक्या हरळीचंही असंच आहे. जगभरातल्या बहुतेक बुटक्या जाती टिफग्रीनच्या घराण्यातल्या. बी नाही म्हणून ती उसासारखी बेण्याने लावायची, कांड्या विस्कटून, मातीत दाबून. म्हणजे थायलंडपासून फ्लोरिडापर्यंत एकाच झाडाचे तुकडे. बाजरीने शिकवलेला धडा गोल्फने अजून फारसा मनावर घेतलेला नाही.

खारा वारा आणि हरीक

तळोजा-खारघरच्या बाजूला आणखी एक प्रश्न आहे, मिठाचा. पनवेलची खाडी जवळ. इथे शतकानुशतकं लोकांनी बांध घालून खाजणातून शेती काढली. भरतीचं पाणी आत शिरलं की भात गेला, म्हणून बांधाची डागडुजी गावकीचं काम असे. अशा हवेत आणि जमिनीत हरळी बऱ्यापैकी टिकते, पण तिच्याहून जास्त मीठ सहन करणारं दुसरं गवत आहे, पास्पालम व्हजिनाटम. ते समुद्रकाठी, खारफुटीच्या कडेला वाढतं. जॉर्जियाच्याच विद्यापीठाने विसाव्या शतकाच्या शेवटी त्याच्या मैदानी जाती काढल्या. मचूळ पाणी चालतं, सांडपाणी शुद्ध करून दिलं तरी चालतं, ढगाळ हवेतही हिरवं राहतं. जुलैत आठवडा आठवडा ऊन न पडणाऱ्या कोकणात हा गुण मोठा, कारण हरळीला सावली अजिबात सोसत नाही.

पास्पालम हे नाव परकं वाटलं तरी घराणं ओळखीचं आहे. कोकणात वरकस जमिनीवर नाचणी-वरीबरोबर जो हरीक पिकायचा, ज्याला घाटावर कोद्रा म्हणतात, तोही पास्पालमच. गरिबाचं धान्य म्हणून हरीक मागे पडला आणि त्याचं भावंड हिरव्या गालिच्यासाठी विमानाने येऊ लागलं.

गवत निवडलं तरी पाऊस उरतोच. पनवेलकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक चार महिन्यांत. इतकं पाणी मुळाशी थांबलं तर कुठलंही गवत कुजेल. म्हणून आधुनिक ग्रीन ही खरं तर एक गाळणी असते. अमेरिकन गोल्फ संघटनेने १९६० मध्ये जी रचना छापली तिच्यात खाली नळ्या, वर खडीचा थर, त्यावर सुमारे ३० सेंटिमीटर वाळू असते. स्कॉटलंडचा वाळूचा किनारा असा कोकणातल्या तांबड्या-चिकट मातीत खड्डा खणून पुन्हा तयार करायचा.

गवत कापणं हा गुन्हा होता

इथवर गवताची निवड झाली. आता गवत ज्या जमिनीवर उगवतं तिच्याकडे बघू, कारण या भागात गवतासाठी माणसं मेली आहेत.

१९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या मागोमाग महाराष्ट्रात जंगल सत्याग्रह झाला. राखीव जंगलातलं गवत आणि लाकूड गावकऱ्यांनी घेणं हा गुन्हा होता. १० जुलै १९३० रोजी पुसदला लोकनायक बापूजी अणे यांनी राखीव रानातलं गवत कापून कायदा मोडला. समुद्रापासून दूरच्या वऱ्हाडाने मिठाऐवजी गवत निवडलं. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला, उरणजवळच्या चिरनेर गावी, अक्कादेवीच्या डोंगराकडे गेलेल्या आगरी, कोळी, आदिवासी सत्याग्रहींवर गोळीबार झाला. तळोज्याहून चिरनेर फार लांब नाही.

पंधरा वर्षांनी, खाडीपलीकडच्या ठाणे जिल्ह्यात, आणखी एक लढा झाला. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना आणि घोड्यांना लागणारं गवत तिकडच्या डोंगरांतून येई. जमीनदार ते वारली मजुरांकडून जवळपास फुकटात कापून घेत. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी मागणी केली, पाचशे रतल गवत कापायला अडीच रुपये. संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला, त्यात जेठ्या गांगड याच्यासह पाच जण गेले. अखेर मजुरी वाढवून घेतली. ही हकिगत गोदावरीबाईंच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात आहे.

मग १७ मार्च १९७० रोजी सिडको आली. ठाणे, पनवेल आणि उरण भागातल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी संपादित करायची ठरली. भातशेती, मिठागरं, खाजणं, डोंगरउतारावरची गुरचरण. भावावरून असंतोष वाढला आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला दि. बा. पाटील यांच्या आंदोलनात जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात पाच जण गोळीबारात ठार झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्तातून आली. आज ज्या विमानतळाला दिबांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघाले, त्याच्या मागे ही पार्श्वभूमी आहे.

गोल्फ कोर्स या इतिहासाच्या शेवटच्या पानावर येतो. म्हणूनच नेरुळला खाडीलगतच्या पाणथळ जागेवर दुसरा गोल्फ कोर्स आणि घरं बांधण्याचा बेत निघाला तेव्हा लोक कोर्टात गेले. तिथे फ्लेमिंगो उतरतात. नोव्हेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं.

पाण्याचा हिशेब तर तुम्ही मोबाइलवरही करू शकता. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे दहा हजार लिटर. उन्हाळ्यात हरळीच्या मैदानातून ढोबळमानाने रोज पाच मिलिमीटर पाणी उडतं. समजा ३० हेक्टर गवताला पाणी द्यायचं आहे, तर दिवसाला १५ लाख लिटर. शहरात माणशी १३५ लिटर हा सरकारी निकष धरला, तर अकरा हजार माणसांचं रोजचं पाणी. तळोज्यात टँकरची वाट पाहणाऱ्याला हा आकडा टोचणारच. त्यावर उपाय नाही असं नाही. शुद्ध केलेलं सांडपाणी गवताला द्यायचं, फक्त जिथे चेंडू पडतो तितकाच भाग कापीव ठेवायचा, उरलेल्या जागेत डोंगरावरचं रानगवत आणि झाडं राहू द्यायची. खारं पाणी पिणारं गवत निवडण्याला इथे खरा अर्थ येतो. गवताची जात ठरवताना आपण पिण्याच्या पाण्याचा वाटाही ठरवत असतो, आणि म्हणून ती निवड फक्त क्लबच्या माळ्यावर सोडता येत नाही. खेळायला न जाणाऱ्यालाही तीत बोलायचा हक्क आहे.

ग्रीन सांभाळणाऱ्यांना विचारा, संकरित हरळीचा सगळ्यात मोठा शत्रू कोण? उत्तर मिळेल, साधी हरळी. बाजूच्या बांधावरून, ट्रॅक्टरच्या चाकाला लागून, पाखरांच्या पोटातून ती येते आणि मऊ गालिच्यात आपली जाड पात्यांची ठिगळं लावते. दोघी इतक्या जवळच्या की एकीला मारणारं औषध दुसरीलाही मारतं. म्हणून कितीही भारी यंत्रं आणली तरी शेवटी बेणणीला बसतात बायका, खुरपं घेऊन, उकिडव्या, काशा वेचत. त्यांच्यातल्या कितीतरी जणींच्या आज्यांनी याच खोऱ्यांत भाताच्या बांधावर हेच काम केलेलं असेल. गणेश चतुर्थीच्या आदल्या संध्याकाळी घरी जाताना कुणी त्यातल्या कोवळ्या एकवीस कांड्या पदराला बांधून नेल्या, तर ते तण आहे की दूर्वा, हे त्यांना कुणी शिकवायला नको.